रिकाम्या कुंडीवरचा बिल्ला

१

साहेबांना टॉवेलात गुंडाळून आणलं तेव्हा मी दवाखान्याचं शटर अर्धंच वर केलं होतं. साहेब म्हणजे बोका. काळा कुळकुळीत, छातीवर तेवढा पांढरा डाग. एरवी नुसती सुई दाखवली तरी साहेब दवाखाना डोक्यावर घेतात. त्या सकाळी मी त्यांचा पाय धरून सुई टोचली, तर त्यांनी हूं की चूं केलं नाही. जनावरांवर उपचार करता करता माझे केस पांढरे झाले, पण जो बोका माझ्यावर गुरगुरत नाही त्याला मी अजूनही सगळ्यात आधी तपासायला घेते.

"रात्रभर उलट्या केल्यात यानं," साहेबांना घेऊन आलेला माणूस म्हणाला. सोबत त्याची बायको होती. "आम्ही लग्नासाठी बाहेरगावी गेलो होतो. आत्ता दार उघडलं तर हा पायपुसण्यावर पडलेला. आत न जाताच उचलून आणला. तोंड, अंग सगळं बरबटलं होतं, ते गाडीत ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. घरात बाबा एकटेच होते."

"मग बाबा काय म्हणतात?"

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं.

"बाबांचं काही विचारू नका," मुलगा म्हणाला. "हल्ली फार विसरतात. त्यांनीच आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या याला घातल्या असणार. खाऊ म्हणून."

सून मात्र फोन कानाला लावून कोपऱ्यात गेली होती. तिनं घरातलं एकेक झाड पारखून निवडलं होतं. मांजराला चालणार नाही असं एक पानही नको म्हणून ती एका रोपसेवेची गिऱ्हाईक झाली होती. ही मंडळी घरोघरी भाड्यानं झाडं ठेवतात आणि त्यांची देखभालही करतात. तिच्याकडच्या प्रत्येक कुंडीवर 'प्राणीस्नेही' असा हिरवा बिल्ला होता.

"सगळी झाडं शंभर टक्के सुरक्षित आहेत म्हणाले," ती फोन ठेवून म्हणाली. "भला माणूस आहे. मालक स्वतः बोलला. घरी आत्ता कोण आहे तेही विचारलं. म्हटलं, बाबा आहेत, पण दुपारी जेवून गोळी घेतली की झोपतात."

मी सलाईन लावलं आणि रक्त तपासायला पाठवलं. दोघं दुपार उलटेपर्यंत दवाखान्यातच बसून होते, मग मुलानं घरून फोन केला. बाबांच्या गोळ्यांच्या डबीतले आदल्या दिवसाचे खण रिकामे होते. बघा, म्हणाला, मी म्हणत नव्हतो? मीही मूर्खासारखी दिवसभर त्या गोळ्यांच्या मागे लागले आणि साहेबांचं हृदय मोजत बसले.

संध्याकाळी साहेबांचा कान साफ करताना बोटाला काहीतरी लागलं. कानाच्या घडीत, जिथं ओलं फडकं पोचलं नव्हतं तिथं, गंजासारखी तपकिरी भुकटी होती. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर लांबट दाणे, प्रत्येकाच्या अंगावर बारीक जाळी. ते परागकण होते. तेवढ्यात रक्ताचा अहवाल आला. हृदय ठणठणीत होतं, पण मूत्रपिंडं बंद पडायला लागली होती.

साहेबांना कुणी गोळ्या घातल्या नव्हत्या. साहेबांनी लिली खाल्ली होती.

मी फोन लावला. पलीकडून सून म्हणाली, "लिली? डॉक्टरबाई, आमच्या घरात लिली कधीच नव्हती."

२

मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांची ती लिली माणसाला काही करत नाही. मांजराला तिचं पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, अंगावर पडून चाटली गेलेली भुकटी, काहीही पुरतं. त्यावर उतारा नाही. सलाईन देत राहायचं आणि बोका लघवी करतोय का याची वाट बघायची. रात्रभर मी वाट बघितली. साहेबांनी केली नाही.

विष कुठून आलं ते कळल्याशिवाय साहेबांना मी त्या घरात परत धाडणार नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्वतःच तिथं गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, नीटनेटकं. दाराशी एक बॅग भरून ठेवलेली. मला वाटलं, लग्नाहून आलेली असेल.

"बाबांची आहे," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या सकाळी वृद्धाश्रमाची गाडी येतेय. चांगलं आहे तिथं, चोवीस तास माणसं असतात. आज मांजर झालं. उद्या गॅस उघडा ठेवला तर काय करायचं, सांगा."

"पण मी काल सांगितलं ना, गोळ्यांनी झालेलं नाही हे!"

"मग गोळ्या गेल्या कुठं?"

"पोटात! तुमच्या वडिलांच्या! डॉक्टरनं घ्यायला सांगितल्या म्हणून त्यांनी घेतल्या, म्हणून खण रिकामे झाले. भरलेले राहिले असते तर म्हणाला असतात, बघा, घ्यायचंच विसरतात."

सून म्हणाली, "ते फुलांचंही काहीतरी बोलत असतात."

"कुठल्या फुलांचं?"

"ते तुम्ही ऐकाच."

आजोबा खिडकीपाशी बसले होते. उभी हयात त्यांनी टेलरिंग केलेलं. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ टेकत नव्हते. मी नमस्कार केला आणि समोर खुर्ची ओढली.

"साहेब कसा आहे?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"झुंजतोय. मला मदत करा. त्या दिवशी काय काय झालं?"

त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांगून उपयोग आहे का? दुपारी गोळी घेऊन झोपलो. उठलो तर तिथं फुलं होती." त्यांनी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "पांढरी. एवढाली. वासानं खोली भरून गेली होती. हिच्या सासूला फार आवडायची. मला वाटलं, तीच येऊन गेली."

"ऐकलंत?" मुलगा पुटपुटला. "आईला जाऊन चार वर्षं झाली."

"दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपून उठलो, तर फुलं गेलेली," आजोबा म्हणाले. "आता हे म्हणतात फुलं नव्हतीच. नसतील. मीच घातलं असेल साहेबाला काहीतरी. मला आठवत नाही, पण म्हणून घातलं नसेल असं कुठं आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दोन दिवसांत स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवायला शिकवलं होतं! ते सुद्धा घरच्यांनी, आवाज न चढवता, काळजीच्या सुरात.

"एवढे विसरतात, तर रात्रभर एकटं सोडून लग्नाला कसे गेलात?" मी विचारलं.

"एका रात्रीचा तर प्रश्न होता," मुलगा म्हणाला.

त्यावर मला बरंच बोलायचं होतं. बोलले असते तर त्या घरातून मला हाकलून दिलं असतं, आणि अजून माझं काम व्हायचं होतं. मी कोपऱ्याकडे वळले. तिथं चिनी मातीची पांढरी कुंडी होती, तिच्यावर हिरवा बिल्ला, आणि आत नेचा. नेचा मांजराला अगदी चालतो, चघळला तरी काही होत नाही. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बाकीची झाडं बघून आले. अरेका पाम, स्पायडर प्लांट, तीही सुरक्षित. सुनेची निवड चोख होती.

"कुंड्या फिरवून ठेवता का कधी?" मी तिला विचारलं.

"छे. जड असतात. रोपसेवेचा माणूस आला की बघतो काय ते. तो एरवी आम्ही कामावर असताना येतो, खालच्या रखवालदाराकडे किल्ली असते."

बाहेरचा पाम खिडकीकडे वाकला होता. स्पायडर प्लांटची पाती खिडकीकडे धावली होती. झाडांचं तसंच असतं, उजेड दिसेल तिकडे तोंड. आजोबांच्या खोलीतल्या नेच्याची मात्र भरगच्च हिरवी बाजू भिंतीकडे होती, आणि खिडकीकडे विरळ, पिवळट बाजू.

महिनोन्महिने तिथं उभं असलेलं झाड भिंतीकडे तोंड करून वाढत नाही. पण ते तिथं नव्हतं, तर तिथं होतं काय?

३

जिना उतरताना पहिल्या मजल्यावर मला वास आला. गोड, जड, लग्नाच्या हॉलमध्ये येतो तसा. मी बेल वाजवली.

दार उघडलं त्या काकूंना मी ओळखत होते. साहेब त्यांच्या बाल्कनीतल्या उशांवर झोपायचे म्हणून त्या मागे दवाखान्यात येऊन माझ्याशी भांडून गेल्या होत्या. मी त्यांच्या शत्रूची डॉक्टर होते, एवढा माझा गुन्हा. "एक दिवस औषध घालीन त्याला," असं त्या तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या होत्या.

"साहेब मरायला टेकलाय," मी म्हटलं.

"मग माझ्याकडे काय काम?" त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे, खरंच?"

मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. बाल्कनीत स्टुलावर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लिली होती. पांढरी, एवढाली, बारीक काठीला पिवळ्या चिमट्यानं बांधलेली. मी न विचारता आत गेले.

"अहो! चपला!"

"काकू, ही लिली कुठून आणलीत?"

"आणीन कुठूनही! माझ्या घरात मी काय ठेवायचं ते तुम्ही सांगणार?"

"साहेबानं लिली खाल्लीय."

काकूंचा आवाज एकदम वर गेला. "म्हणजे मी घातली? माझ्या तोंडाला लगाम नाही हे मान्य आहे, पण मुक्या जिवाला विष घालीन असं वाटतं तुम्हाला? आणि तो इथं येईल कसा? डोळे आहेत ना?"

डोळे होते. बाल्कनीला वरपासून खालपर्यंत लोखंडी जाळी ठोकलेली होती. गेल्याच महिन्यात ठोकून घेतली, म्हणाल्या, खास साहेबांसाठी. चिमणी शिरणार नाही अशी बारीक. मी जाळी ओढून बघितली, कुठे सैल नव्हती.

मग मी लिलीवर वाकले. खालची पानं टोकाशी कुरतडलेली होती, आणि कुरतडल्याच्या कडेला बारीक टोचल्यासारखी भोकं, जोडीजोडीनं. असल्या खुणा माझ्या हातांवर कायम असतात. मांजराचे सुळे.

"काकू, ही तुमच्याकडे आली कधी?"

"काल दुपारी."

काल सकाळपासून साहेब माझ्या पिंजऱ्यात होते. इमारतीत दुसरं मांजर नव्हतं, आणि असतं तरी या जाळीतून आत येऊ शकलं नसतं.

"दिली कुणी?"

काकूंनी ओठ घट्ट मिटले. "फुकट मिळालीय. देणाऱ्यानं सांगितलंय, कुणाला बोलू नका, मग सगळेच मागतात. मी शब्द मोडत नाही. आणि वरच्यांनी मला अजून एक शब्द विचारलेला नाही, काल जिन्यात समोरून गेले तर मान फिरवून गेले. त्यांच्यासाठी मी कशाला तोंड उघडू? चला, निघा आता."

दार बंद झालं. मांजर पोचू शकत नाही अशा बाल्कनीत मांजरानं चावलेलं झाड होतं, आणि ते कुठून आलं हे सांगू शकणारी एकमेव बाई रुसून बसली होती.

४

रोपसेवेच्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेले. दवाखान्यात चार झाडं हवीत, म्हटलं, कुत्री-मांजरं येतात, तेव्हा जपून निवडायला हवीत.

मालक तरुण, तोंडात साखर. "मॅडम, तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आलात. आमची प्राणीस्नेही योजना घ्या. झाड कोमेजलं की आम्ही बदलून देतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही."

"कुंडीसकट बदलता?"

"नाही नाही! ही बघा गंमत." त्यानं मांडणीवरची एक चिनी मातीची कुंडी पुढे ओढली. "बाहेरची कुंडी तुमच्याकडेच राहते. झाड असतं आतल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत. जुनी उचलायची, नवी बसवायची, मिनिटाचं काम. माती सांडत नाही, काही नाही."

मी मांडणी बघत होते. अशा कुंड्यांची रांगच होती, सगळ्या स्वच्छ पुसलेल्या, सगळ्या रिकाम्या. आणि प्रत्येकीवर हिरवा बिल्ला आधीच चिकटवलेला.

झाड अजून ठरलेलं नाही आणि ते सुरक्षित असल्याची ग्वाही तयार! उद्या त्यात डिफनबॅकिया ठेवा, ज्यानं कुत्र्याची जीभ सुजते. मनी प्लांट ठेवा. सायकस ठेवा, ज्याच्या एका बीनं कुत्र्याचं यकृत जातं. बिल्ला आहेच, आपला हसतोय.

"झाडं बांधायला चिमटे छान आहेत तुमचे," मी म्हटलं. टेबलावर त्यांची बरणी होती. पिवळे.

"खास बनवून घेतो. दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाहीत."

"माझ्या एका पेशंटकडे तुमची झाडं आहेत. तिसरा मजला, काळा बोका. त्यांच्या आजोबांच्या खोलीत काय ठेवलं होतं तुम्ही?"

"नेचा," तो ताबडतोब म्हणाला. "नेचाच होता. फुलझाड आम्ही त्या घरात देतच नाही."

फुलांचं नाव मी काढलंच नव्हतं.

मी चार झाडांची ऑर्डर दिली, आणि उद्या सकाळी त्या तिसऱ्या मजल्यावर या, तिथल्या कुंड्या बघून रंग ठरवते, असं सांगितलं. मोठी ऑर्डर बघून त्याला बरं वाटलं असावं. येतो म्हणाला.

दवाखान्यात परतले तर साहेब तसेच पडून होते. पिंजऱ्यातल्या ट्रेमधली वाळू कोरडी होती.

५

सकाळी मी पोचले तेव्हा खाली गाडी उभी होती. ड्रायव्हर बोनेटवर टेकून चहा पीत होता. आजोबांना बूट घालून तयार बसवलं होतं. रोपवाला आला, हसला, आणि माझ्यामागे काकूंना लिली घेऊन उभ्या बघून त्याचं हसू तोंडातच राहिलं. त्यांना मी अर्धा तास विनवलं होतं. शेवटी एकच वाक्य कामी आलं. मी म्हटलं, "काकू, साहेबाच्या नावानं आजोबांना घराबाहेर काढतायत." त्या तशाच कुंडी उचलून निघाल्या.

"पाच मिनिटं द्या," मी मुलाला म्हटलं. "मग बॅग न्यायची तर न्या."

सगळे आजोबांच्या खोलीत उभे राहिले.

"साहेबानं लिली खाल्ली, हे त्याच्या कानातल्या परागांनी सांगितलं. ही लिली त्यानं चावलीय, दातांच्या खुणा बघा. काकूंकडे ती आली तेव्हा साहेब माझ्याकडे होता, म्हणजे चावला त्याआधी, दुसरीकडे कुठंतरी. काकू, ही तुम्हाला कुणी दिली?"

"यानं," काकूंनी हनुवटीनं रोपवाल्याकडे दाखवलं. "परवा दुपारी जिना उतरत होता हे घेऊन. म्हणाला, जास्तीचं आहे, ठेवा."

"वर कुठून उतरत होता?"

रोपवाल्यानं नेच्याकडे बोट केलं. "वरच्या मजल्यावर माझी बरीच गिऱ्हाइकं आहेत, मॅडम. या घरात नेचा आहे, हा समोर दिसतोय. बिल्लाही आहे."

"नेच्याची हिरवी बाजू भिंतीकडे आहे. म्हणजे तो कुठल्यातरी दुसऱ्या खिडकीत वाढला आणि इथं घाईत बसवला गेला. पण ते सोडा. तुम्हीच म्हणालात ना, बाहेरची कुंडी घरातच राहते? तिला कुणी हात लावत नाही?"

मी नेचा त्याच्या काळ्या कुंडीसकट वर उचलला आणि बाजूला ठेवला. मग सुनेला म्हटलं, "वाकून बघा. हात घालू नका."

ती वाकली. चिनी मातीच्या तळाशी, आत-बाहेरच्या कुंड्यांमधल्या सापटीतून घसरून गेलेली एक पाकळी पडली होती. पांढरी, कडेनं सुकलेली, तपकिरी भुकटीनं माखलेली.

आजोबा उठले, हळूहळू आले, आणि कुंडीत बघत राहिले.

"त्या दिवशी नेचा वाळला होता," रोपवाला एकदम बोलायला लागला. "गाडीत दुसरा नेचा नव्हता. एका हॉटेलात द्यायची लिली होती, ती माणसानं ठेवली. कुंडी रिकामी दिसायला नको म्हणून. एका दिवसाचा तर प्रश्न होता! उद्या बदलणारच होतो. मला काय माहीत, मांजर…"

"माहीत होतं!" मी ओरडले. "यांचा फोन आला तेव्हा माहीत झालं. बोका उलट्या करतोय हे ऐकलंत आणि घरी कोण आहे ते विचारलंत! 'लिली ठेवलीय' एवढे दोन शब्द बोलला असतात तर माझा सबंध दिवस वाचला असता. तुम्ही काय केलंत? म्हातारा माणूस झोपलाय ते बघून चोरासारखे आत शिरलात, झाड बदललंत, आणि जाता जाता ते फेकवेना म्हणून खालच्या बाईच्या गळ्यात मारलंत."

"बिल्ला तसा कुंडीसाठी असतो," तो चाचरत म्हणाला. "कुंडीचा रंग बिनविषारी आहे. तसं बारीक अक्षरात मागे लिहिलंय."

काकूंनी लिलीची कुंडी त्याच्या हातात इतक्या जोरात दिली की तो मागे सरकला. "घे तुझं फुकटचं," त्या म्हणाल्या. "कुंडी चाटायला मांजर पाळतात होय रे?"

मी त्याला तिथंच बसवलं आणि बिल्ल्याच्या एकेका घरी फोन करायला लावला. कुणाकडे आत्ता नक्की कुठलं झाड आहे, ते बघायला सांगायचं. पहिल्याच फोनवर बिल्ल्याच्या कुंडीत डिफनबॅकिया निघाला. त्या घरात कुत्र्याचं पिल्लू होतं.

मुलगा वडिलांसमोर उभा होता. त्याला काय करावं कळत नव्हतं. "बाबा, चूक झाली," तो म्हणाला. "गाडी परत पाठवतो."

"चूक कसली झाली?"

"म्हणजे… हे सगळं."

"नको पाठवूस," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "मी म्हटलं, फुलं होती. तुम्ही म्हणालात, नव्हती. मी म्हटलं, वास आला आणि वाटलं ती येऊन गेली. वाटलं, म्हटलं मी. आली असं नाही म्हटलं. ती गेलीय हे मला तुझ्याआधी कळलंय, मी होतो तिथं. माणसाला आपल्या बायकोची आठवण आली तर तुम्ही बॅग भरता. ज्या घरात माझ्या डोळ्यांना किंमत नाही तिथं मी राहून काय करू?"

सून रडायला लागली. मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

माझा फोन वाजला. दवाखान्यातून कंपाउंडर ओरडत होता, "मॅडम, साहेबांनी केली! टेबलावर, माझ्या शर्टावर, सगळीकडे!"

मी लाज सोडून ते वाक्य मोठ्यानं सगळ्यांना ऐकवलं. आजोबा खुर्चीवर बसले.

"साहेब घरी येईपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "त्याला बघतो आणि जातो. बॅग राहू दे तिथंच."

६

साहेबांची मूत्रपिंडं पूर्ववत व्हायला आठवडा गेला. त्या आठवड्यात ते पुन्हा माझ्यावर गुरगुरायला लागले, कंपाउंडरला चावले, आणि मी समजले की बोका बरा झाला.

मी स्वतः त्यांना पोचवायला गेले. दाराशी बॅग तशीच होती, कुणी हलवली नव्हती. आजोबा रोज सकाळी बूट घालून बसत, सून म्हणाली, आणि रात्री काढत. कुंड्यांवरचे हिरवे बिल्ले तिनं चाकूनं खरवडून काढले होते. आता प्रत्येक झाडाचं नाव तिला पाठ होतं, आणि किल्ली रखवालदाराकडे नव्हती. आजोबांच्या खोलीत तिनं स्वतः हातानं लावलेला नेचा होता, हिरवी बाजू खिडकीकडे करून.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. साहेब बाहेर आले, शेपूट वर, आणि आजोबांच्या बुटांना अंग घासून गेले. आजोबांनी खाली वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते उठले आणि बॅगेकडे गेले.

"बाबा," मुलगा म्हणाला.

आजोबा थांबले, पण वळले नाहीत.

मुलगा दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता पुन्हा चूक झाली, गैरसमज झाला, तुमच्या काळजीपोटी केलं, असलं काहीतरी म्हणेल. तसं म्हणाला असता तर मीच आजोबांची बॅग उचलून खाली नेली असती.

"फुलं होती, बाबा," तो म्हणाला. "पांढरी. तिथं कोपऱ्यात. तुम्ही बघितलीत आणि सांगितलंत. मी ऐकलं नाही."

आजोबांनी बॅगेची चेन उघडली आणि घडी न मोडता एकेक शर्ट काढून सुनेच्या हातात द्यायला लागले.

"वास पण होता," ते म्हणाले.

"वास पण होता," मुलगा म्हणाला.

शेवटचा शर्ट निघाला तेवढ्यात साहेब चालत आले, रिकाम्या बॅगेत उतरले, दोनदा गोल फिरले आणि तिथंच झोपून गेले. आजोबांनी खाली वाकून बुटाची नाडी सोडली.